व्हॅक्यूम गेला की काय होतं? जुन्या गाडीचे पॉवर ब्रेक आणि एक संशोधन-प्रश्न

पेट पास झालेल्या मुलांना मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: तुमचा संशोधन-प्रश्न काय? बहुतेक जण विषय सांगतात. 'सर, मला वाहनांच्या इतिहासावर काम करायचंय.' हा विषय झाला, प्रश्न अजून आलाच नाही. मी एमएस्सी फिजिक्स करून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळलो, तेव्हा माझ्याकडेही बराच काळ नुसता विषयच होता. प्रश्न मिळाला तो हिंगोलीहून औंढ्याला जाताना, मामांच्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये.

गाडी १९८० च्या दशकातली. मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच गेलं होतं. मराठवाड्यात तेव्हा सर्रास करायचे तसं, टेम्पोचं जुनं डिझेल इंजिन तिच्यात बसवलेलं होतं. डिझेल स्वस्त, अ‍ॅव्हरेज चांगलं, त्यामुळे लग्नाच्या भाड्याला परवडायचं. इंजिन जड झालं, माणसंही सात-आठ बसायची, आणि ब्रेक मात्र जुनेच. मामांचं वय वाढलं तसं पेडल दाबायला पाय पुरेना. मग एका मिस्त्रीने दुसऱ्या एका गाडीचा ब्रेक बूस्टर आणून बसवला. 'आता पॉवर ब्रेक झाले बघा,' म्हणाला.

गावात दोन चकरा मारल्या, सगळं ठीक वाटलं. औंढ्याच्या रस्त्यावर पुढे बैलगाडी आली, मामांनी ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखं लागलं. दोन्ही पायांनी दाबून, गिअर खाली टाकून, गाडी शेवटी बांधाला टेकवून थांबवली. कुणाला काही झालं नाही. बैलगाडीवाल्याने मात्र आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि ते बरोबरच होतं.

मिस्त्री म्हणाला, बूस्टर खराब निघाला. दुसरा म्हणाला, ब्रेकमध्ये एअर धरली असेल. बूस्टर काढून तपासला तर तो व्यवस्थित होता. एअरही नव्हती. मग चूक कुठे होती? तिथून मी मागे मागे जात राहिलो, आणि आज जे सांगतोय ते त्या मागे जाण्यातून आलेलं आहे.

पॉवर ब्रेक काय करतो, आणि काय करत नाही

आधी थोडं गणित करू. साध्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये आपण पेडलवर समजा २० किलोचा जोर दिला. पेडल हा तरफेचाच प्रकार. त्याचं प्रमाण पाचास एक धरलं, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो जोर पडतो. दट्ट्याचा व्यास २२ मिलिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३.८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २६ किलो दाब तयार होतो. हाच दाब चारही चाकांच्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो आणि शू ड्रमवर दाबले जातात.

आता मध्ये व्हॅक्यूम बूस्टर घाला. बूस्टर म्हणजे एक पत्र्याचा गोल डबा, त्याच्या मधोमध रबरी पडदा. इंजिन चालू असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. ब्रेक दाबला की एक झडप उघडते आणि पेडलच्या बाजूला बाहेरची हवा आत येते. एका बाजूला वातावरणाचा दाब, दुसऱ्या बाजूला निर्वात, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. पेट्रोल इंजिन सहज दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोइतका दाबाचा फरक देतं. म्हणजे जास्तीत जास्त सुमारे १८८ किलो जास्तीचा जोर. तो पूर्ण मिळाला, तर आपल्या १०० किलोत मिळून २८८ होतो आणि ऑइलचा दाब २६ वरून ७६ वर जातो. हे बूस्टरशिवाय करायचं तर पेडलवर ५८ किलोचा जोर द्यावा लागेल. साठीतल्या माणसाला ते दर वेळी जमणार नाही.

आता हे गणित काय सांगत नाही ते बघा. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर लवकरात लवकर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर ०.४ धरा, तेच अंतर ३५ मीटर होतं. ब्रेक लावायचं मनात येऊन पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्याआधीचे आणखी १७ मीटर. यातला एकही आकडा बूस्टरने कमी होत नाही. चाक जाम होईपर्यंतचा जोर कमी कष्टात मिळवून देणं एवढंच त्याचं काम.

पहिला धडा इथेच आहे. 'ब्रेक सुधारले' असं कुणी म्हणालं की विचारायचं: काय सुधारलं? पायाचा कष्ट, थांबायचं अंतर, उष्णता सहन करायची ताकद, की बिघाड झाल्यावरचं वागणं? हे चार वेगवेगळे गुण आहेत. एक वाढवताना दुसरा कमी होऊ शकतो. आमच्या गाडीत तेच झालं होतं.

निजामाची गाडी आणि स्पेनच्या कंपनीची युक्ती

हिंगोली तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागवलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. पिवळ्या रंगाची, मागे सिंहासनासारखी बैठक असलेली. गाडी येण्याआधीच, १९११ मध्ये ते वारले. गाडी पुढे फारच थोडी चालली. ती प्रचंड जड आहे, आणि तरी तिच्या ब्रेकचं काम फक्त मागच्या चाकांपर्यंतच पोचतं.

हे तेव्हा जगभर असंच होतं. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी उलटेल, वळणावर हातातून जाईल अशी भीती होती. पण ब्रेक लागताना गाडीचं वजन पुढे झुकतं. मागची चाकं हलकी होतात आणि लवकर जाम होतात. खरं थांबवायचं काम पुढची चाकंच करू शकतात. पुढच्या चाकांना ब्रेक लावल्यावर दुसरी अडचण उभी राहिली: चार चाकांचे ब्रेक दाबायला माणसाच्या पायात तेवढी ताकद कुठून आणायची?

उत्तर दिलं इस्पानो-सुइझा कंपनीचे अभियंते मार्क बिर्किग्ट यांनी. १९१९ मध्ये आलेल्या त्यांच्या एच-६ गाडीत गिअरबॉक्समधून फिरणारी एक घर्षण-तबकडी होती. ड्रायव्हरने पेडल दाबलं की ती तबकडी पकडली जायची आणि फिरण्याच्या जोराने ब्रेकच्या सळ्या ओढल्या जायच्या. गाडीची स्वतःची गतीच तिला थांबवायला वापरली. रोल्स-रॉइसने ही कल्पना घेतली आणि १९२४ च्या सुमारास सिल्व्हर घोस्टला चार चाकांचे सर्व्हो ब्रेक दिले. आधी विकलेल्या काही गाड्यांनाही ते नंतर बसवले गेले. म्हणजे जड जुन्या गाडीचे ब्रेक 'अपग्रेड' करायचा उद्योग शंभर वर्षांचा जुना आहे.

या यंत्राचा एक गुण लक्षात ठेवा. इंजिन बंद पडलं तरी गाडी पुढे चालत असेल तर मदत मिळते. गाडी पूर्ण थांबली की मदतही थांबते. रोल्स-रॉइसने हा यांत्रिक सर्व्हो तब्बल चाळीस वर्षं, १९६५ च्या सिल्व्हर शॅडोपर्यंत सोडला नाही.

व्हॅक्यूमचा रस्ता वेगळा होता. बेल्जियमचे अभियंते आल्बेर देवांद्र यांनी १९२० च्या दशकात इंजिनाच्या ओढीवर चालणारा सर्व्हो बनवला, आणि त्या दशकाच्या शेवटी बॉश कंपनी तो विकू लागली. यात फिरणारे, झिजणारे भाग कमी. पेट्रोल इंजिनाला हवा आत घेताना थ्रॉटलची पाकळी आडवी असते, त्यामुळे तिच्या मागे आपोआप निर्वात तयार होतो. तो फुकट मिळतो. म्हणून हाच मार्ग पुढे जगभर चालला.

आणि आमच्या गाडीची चूक इथेच सापडली. बहुतेक डिझेल इंजिनांना अशी पाकळी नसते. डिझेल इंजिन हवा पूर्ण घेतं आणि वेग ठरतो तो किती डिझेल आत सोडलं त्यावर. म्हणजे फुकटचा व्हॅक्यूम नाही. म्हणून डिझेल गाड्यांना वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याचदा डायनामोच्या मागे जोडलेला. आमच्या इंजिनाबरोबर जुना डायनामो आला होता तो पंपाशिवायचा. मिस्त्रीने बूस्टरची नळी मॅनिफोल्डला जोडली होती, जिथून ओढ जवळपास शून्य मिळत होती. वर पेडल आणि मास्टर सिलिंडर त्याने बूस्टरच्या गाडीचं बसवलं होतं. मोठा दट्ट्या, कमी तरफ. बूस्टर चालला तर हलकं, न चालला तर आधीपेक्षा जड. गावातल्या दोन चकरांत हे कळलं नाही, कारण तिथे वेगच नव्हता.

हिंगोलीच्या मीटरगेजला उलटं कसं जमलं?

हे समजल्यावर मला लहानपणची एक गोष्ट आठवली आणि मी गोंधळलो.

पूर्णा-हिंगोली मीटरगेज लाइन निजामाच्या काळातली, १९१२ ची. स्वातंत्र्यानंतर ती अकोल्यामार्गे खंडव्यापर्यंत जोडली गेली. पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झालं २००८ मध्ये. त्याआधी ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला त्यांना आठवत असेल: कुणी साखळी ओढली की 'फुस्स' आवाज यायचा आणि गाडी थांबायची. मोठी माणसं म्हणायची, 'व्हॅक्यूम गेला.'

रेल्वेत व्हॅक्यूम गेला की गाडी थांबते. मामांच्या गाडीत व्हॅक्यूम नव्हता म्हणून गाडी थांबत नव्हती. शब्द एकच आणि वागणं उलटं.

रेल्वेचा व्हॅक्यूम ब्रेक असा चालतो. इंजिन सगळ्या डब्यांखालून जाणाऱ्या एका नळीतली हवा ओढून घेतं. प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे निर्वात असतो, दट्ट्या वजनाने खाली बसलेला असतो, ब्रेक सुटलेला. ड्रायव्हरने, गार्डने किंवा साखळी ओढणाऱ्याने नळीत हवा सोडली की ती फक्त दट्ट्याच्या खाली जाते, वर जायला एक झडप अडवते. दट्ट्या वर ढकलला जातो आणि ब्रेक लागतो. नळी फाटली, डबे सुटले, तरी हेच होतं. म्हणजे व्हॅक्यूम इथे ब्रेकला सोडून ठेवतो. कारमध्ये तोच व्हॅक्यूम ब्रेकला मदत करतो.

रेल्वेतही हे पहिल्यापासून असं नव्हतं. सुरुवातीचा 'साधा' व्हॅक्यूम ब्रेक कारच्या बूस्टरसारखाच होता: ओढ असेल तर ब्रेक, ओढ गेली की ब्रेक गेला. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीची एक गच्च भरलेली गाडी चढावर अडकली. मागचे डबे सोडून पुढचे आधी नेऊ, असं ठरलं. डबे सोडल्याबरोबर त्यांचा व्हॅक्यूम गेला, आणि ते फक्त मागच्या हँडब्रेकवर राहिले. तो धरू शकला नाही. डबे उताराने मागे धावत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं मेली, त्यात मुलं बरीच. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला: प्रवासी गाडीचा ब्रेक सलग हवा आणि आपोआप लागणारा हवा. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेचा ब्रेक आणला होता. तोही आधी साधाच होता. काही वर्षांतच त्यांनी तो आपोआप लागणारा केला.

आपली एसटी याच दुसऱ्या घराण्यातली. सकाळी स्टँडवर ड्रायव्हर बस चालू करून थांबतो, 'एअर भरू द्या' म्हणतो. एअर ब्रेकच्या बसमध्ये पार्किंगचा ब्रेक दणकट स्प्रिंगने लागलेला असतो, हवेचा दाब त्याला सोडवतो. हवा नसेल तर बस हलतच नाही.

म्हणजे हिंगोलीच्या माणसाच्या रोजच्या आयुष्यात तीन 'पॉवर ब्रेक' होते: रेल्वे, एसटी आणि कार. पहिल्या दोन्हींत शक्ती गेली की वाहन थांबतं. तिसऱ्यात शक्ती गेली की माणसाचा पाय उरतो. माझा प्रश्न इथे जन्मला: सार्वजनिक वाहनाचा ब्रेक बिघाड गृहीत धरून का रचला गेला, आणि खाजगी गाडीचा ब्रेक सोय गृहीत धरून का? आणि या दोन परंपरांमध्ये काम करणारा गावातला मिस्त्री 'व्हॅक्यूम' या एका शब्दाने नेमकं काय समजत होता?

बघा, 'वाहनांचा इतिहास' या विषयापेक्षा हा प्रश्न किती छोटा आहे. पण याचं उत्तर शोधता येतं.

घाटाचं गणित

बूस्टर नीट बसला म्हणजे काम झालं, असंही नाही. माणसांसकट १५०० किलोची गाडी ताशी ६० ने चालली असेल तर थांबताना तिची सुमारे २ लाख ८ हजार जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. चार ड्रमचं लोखंड मिळून २० किलो धरा. एका थांब्याला ते सुमारे २३ अंशांनी तापतं. काही विशेष नाही.

आता तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरवा. उंचीतला फरक सुमारे ५०० मीटर. ही ऊर्जा होते जवळपास ७४ लाख जूल. सगळी ड्रममध्येच गेली आणि जराही थंड झालं नाही असं धरलं, तर तापमान ८०० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा थंड करतो आणि गिअर खाली ठेवला तर इंजिन बराच भार घेतं. पण कुणी न्यूट्रलवर, नुसत्या ब्रेकवर उतरला तर ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी धोका. डॉट-३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पण हवेतलं पाणी शोषून झाल्यावर हाच आकडा १४० पर्यंत उतरतो. ऑइलची वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं.

याच घाटात रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली तेव्हा चढ ३७ ला १ होता. सुटलेली गाडी अडवायला बाजूला चढाच्या कॅच सायडिंग बांधल्या. ब्रेक हरू शकतो हे मान्य करून केलेली ती व्यवस्था.

बूस्टर इथे मदत करत नाही. उलट पेडल हलकं झाल्यामुळे ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून उतरू लागतो. जड पेडल त्याला गिअर बदलायला भाग पाडत होतं.

ड्रम, डिस्क आणि कुर्ल्याची गाडी

मग लोक म्हणतात, डिस्क बसवा. डिस्क उघडी असते, लवकर थंड होते, तापून फुगली तरी पॅडच्या दिशेने फुगते. पण ड्रममध्ये एक गुण आहे जो डिस्कमध्ये नाही. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो. म्हणजे ड्रममध्ये थोडा सर्व्हो आधीच दडलेला असतो. डिस्क असं करत नाही, म्हणून जड गाडीला डिस्क लावली की बूस्टर जवळजवळ लागतोच.

भारतातल्या गाड्यांना इतकी वर्षं बूस्टर का नव्हता, याचा एक भाग इथे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडायला सुरुवात केली. नंतर फियाट ११०० आली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी. चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम. अ‍ॅम्बॅसेडर तशीच, १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. वेग कमी, रस्ते अरुंद, ड्रमची अंगची मदत पुरेशी. वर परवाना पद्धत आणि आयातीवरचे निर्बंध, त्यामुळे जुनं मॉडेल दशकानुदशकं चाललं. रस्ते आणि इंजिनं बदलली, ब्रेक मागे राहिले. अ‍ॅम्बॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. मधल्या काळातली दरी कारखान्याने भरायची ती गावोगावच्या मिस्त्रींनी भरली, हाताला मिळेल त्या सामानाने.

त्यात काय काय चुकू शकतं याची यादी मला मिस्त्रींनीच सांगितली. पुढे डिस्क लावली आणि मागच्या ड्रमचा दाब कमी केला नाही, तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल घातलं तर सिलिंडरचे वॉशर फुगून बसतात. हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही, गाड्या परत आल्या म्हणून कळलं.

कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर परवानगी लागते. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असणं महत्त्वाचं मानलंय. म्हणजे जुनेपणा जपायचा की माणूस जपायचा, हा पेच जुन्या गाडीवाल्यांपुढे कायम असतो. माझं मत विचाराल तर गाडी रस्त्यावर आणायची असेल तर ब्रेक आजचे हवेत, आणि काढलेले जुने भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवायचे. पुढच्या संशोधकाला तेच लागतील.

साधनं: कोण काय सांगतं

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा भाग. या एका प्रश्नासाठी मला चार प्रकारची साधनं वापरावी लागली, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा निघाला.

पेटंट सांगतं की कल्पना कधी सुचली. ती वापरात आली का, हे सांगत नाही. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं. जॅग्वारने डिस्क लावून ल मॉंची शर्यत जिंकली १९५३ मध्ये. मधली पन्नास वर्षं पेटंट वाचून दिसत नाहीत.

कंपनीचं मॅन्युअल सांगतं की गाडी कशी असायला हवी. प्रत्यक्षात ती कशी होती ते नाही. मामांच्या गाडीचं मॅन्युअल पेट्रोल इंजिनाचं आहे.

अपघाताचा चौकशी अहवाल सांगतो की यंत्र कसं हरलं. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे फार मोलाचं साधन आहे, कारण यंत्र चालत असताना त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पण अहवालात मोठे अपघातच येतात. बांधाला टेकलेली अ‍ॅम्बॅसेडर कुठल्याच कागदात नाही.

ती असते मिस्त्रीच्या बोलण्यात. तोंडी साधनाची अडचण अशी की माणूस आपली चूक विसरतो आणि दुसऱ्याची लक्षात ठेवतो. म्हणून 'तुम्ही ब्रेक कसे सुधारले?' असं विचारू नका. 'कुठली गाडी परत आली होती?' असं विचारा. माझ्या मुलाखती या एका बदलाने सुधारल्या. आमच्या गाडीवर काम केलेल्या मिस्त्रीकडेही मी गेलो. आधी तो चिडला. मग मी कागदावर डिझेल इंजिनाची हवा कशी जाते ते काढून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'पेट्रोलवर शंभर बसवलेत मी. एकही परत आली नाही.' तो खोटं बोलत नव्हता. शंभर गाड्यांचा अनुभव एका न तपासलेल्या गृहीतकावर उभा होता, आणि ते गृहीतक त्याला कधी दिसलंच नव्हतं. आपल्या प्रबंधांत याहून वेगळं काही होतं असं मला वाटत नाही.

त्यानेच मग पंप असलेला डायनामो शोधून आणला, नळीत उलटा प्रवाह अडवणारी झडप घातली, आणि एक छोटी व्हॅक्यूमची टाकी जोडली, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी एक-दोन दाबांपुरती मदत उरते. पैसे घेतले नाहीत.

शेवटी त्याने एक तपासणी केली, ती तुम्हीही कुठल्याही बूस्टरच्या गाडीवर करू शकता. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. नाही गेलं तर मिळत नाही.

अर्ध्या मिनिटाचा हा प्रयोग. एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं. पहिल्या दिवशी हा केला असता तर बांधापर्यंत जायची वेळ आली नसती. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'गृहीतक' नावाचा रकाना असतो, तो भरताना आपल्या कामासाठी असा अर्ध्या मिनिटाचा प्रयोग कोणता, ते आधी शोधा. सापडला नाही तर गाइडकडे जायच्या आधी आणखी आठवडाभर थांबलात तरी चालेल.

मामा आता गाडी फारशी चालवत नाहीत. पण बाहेर काढली की आधी पेडल पाच वेळा दाबतात, मगच चावी फिरवतात.